जुन्या फोनवर लिनिएजओएस बसवून घेण्याआधी

डिस्प्ले शाबूत आहे, बॅटरी बदलली की फोन दिवसभर टिकतो, पण कंपनीचे अपडेट यायचे बंद झालेत. असे फोन आमच्याकडे सतत येतात आणि त्यातले बरेचसे टाकून देण्याजोगे मुळीच नसतात. पोको एफ१ घ्या. २०१८ साली तो अँड्रॉइड ८.१ घेऊन आला आणि कंपनीने त्याला अँड्रॉइड १० पर्यंतच नेलं. त्यातला स्नॅपड्रॅगन ८४५ हा प्रोसेसर मात्र रोजच्या कामाला अजून पुरून उरतो. अशा फोनवर आम्ही कंपनीच्या सिस्टीमऐवजी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरच आधारलेली सिस्टीम बसवून देतो.

हे आहे काय?

अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड गूगलने सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. जगभरचे स्वयंसेवक तो घेऊन एकेका मॉडेलला जुळवतात. असाच सायनोजेनमॉड हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला आणि त्यातूनच लिनिएजओएस उभं राहिलं. ते फुकट आहे. आम्ही पैसे घेतो ते बसवण्याच्या कामाचे. गूगलची अ‍ॅप्स त्यात नसतात. प्ले स्टोअर हवं असेल तर आधीच सांगा, नवी सिस्टीम पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच ते टाकावं लागतं.

बँक आणि यूपीआय

इथे आम्ही ग्राहकाला स्पष्ट नाही म्हणतो. बँकांची आणि यूपीआयची अनेक अ‍ॅप्स फोनचं बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम; नवी सिस्टीम बसवायला तो उघडावा लागतो) उघडलेलं आहे का, हे तपासतात आणि तसं आढळलं तर चालायला नकार देतात. आज चालणारं अ‍ॅप पुढच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, पण ज्या फोनमध्ये तुमचे पैसे आहेत त्यावर आम्ही त्या करत नाही. दुकानाचा क्यूआर, पगाराचं खातं, गॅसचं बुकिंग सगळं एकाच फोनवर असेल तर तो आहे तसाच ठेवा. घरातला दुसरा फोन आणा.

बाकी काय बदलतं?

बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी घ्या. नंतर काही परत आणता येत नाही. रेडमी-पोकोसाठी कंपनीच्या खात्यातून परवानगी मिळवून थांबावं लागतं, म्हणून काम त्याच दिवशी होईलच असं नाही. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेची खूण कायमची बदलते आणि सिक्युअर फोल्डर (खाजगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) पुन्हा कधीच चालत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आम्ही थांबायलाच सांगू.

कॅमेऱ्याचं मूळ अ‍ॅप जातं, त्यामुळे फोटोंत फरक पडू शकतो. सिनेमाची काही अ‍ॅप्स एचडी दाखवत नाहीत. सुरक्षेचे नवे पॅच अँड्रॉइडच्या भागाला मिळतात. मोडेमसारख्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या) भागांचं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड खुला नसतो, कंपनीने सोडलं तिथेच राहतं.

जिओचं सिम वापरणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. जिओचं २जी-३जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे व्होल्टी (४जी वरून कॉल करण्याची सोय) चाललं नाही तर साधा कॉलही लागत नाही.

येताना फोनचा नेमका मॉडेल नंबर बघून या. एकाच नावाने विकलेल्या दोन फोनांत प्रोसेसर वेगळा असू शकतो आणि चुकीची फाइल टाकली तर फोन सुरूच होत नाही. तुमच्या मॉडेलला लिनिएजओएस आहे का, हे बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही. फोन परत घेताना आपलं सिम घालून कॉल, ओटीपीचा मेसेज, कॅमेरा आणि लोकेशन आमच्यासमोरच तपासून घ्या.