पीडितांच्या मदतीचा पैसा जिल्ह्यापर्यंत कसा आला

फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याच्यावर गुन्हा घडला, तो कागदोपत्री साक्षीदार. त्याच्या औषधपाण्याची सोय आपल्या कायद्याने फार काळ आरोपीच्या दंडावर सोडली होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ५४५ असो की १९७३ च्या संहितेतले ३५७, गाभा एकच: दंड वसूल झाला, तर न्यायालय त्यातून पीडिताला काही देऊ शकेल. आता हिशेब पाहा. १९७३ ला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची दंडाची मर्यादा होती ५,००० रुपये. तेवढेही अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हाती पडत नसत. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तर विषय तिथेच मिटला. ३५७(३) खाली मर्यादेविना भरपाई देता येत होती, पण तीही दोषी ठरलेल्याच्याच खिशातून, आणि न्यायालये ते पोटकलम क्वचितच वापरत. अखेर अंकुश गायकवाड प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की भरपाईचा विचार करणे बंधनकारक आहे आणि दिली किंवा नाकारली तरी कारणे नोंदवावीत.

खरा बदल ३१ डिसेंबर २००९ ला झाला. त्या दिवशी १९७३ च्या संहितेत घातलेले कलम ३५७अ लागू झाले आणि पैसा देण्याची जबाबदारी राज्यावर आली. न्यायालयाने शिफारस करायची, रक्कम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेने) ठरवायची, चौकशी दोन महिन्यांत संपवायची. आरोपीचा माग लागला नसला, तरी पीडिताला थेट अर्ज करता येतो. त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हेच कलम ३९६ आहे.

कलम आले, पण निधीसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र योजना करायची होती. त्यात वर्षे गेली. महाराष्ट्राची योजना २०१४ ची. त्याआधी २ ऑक्टोबर २०१३ पासून महिला व बालविकास विभागाची ‘मनोधैर्य’ ही बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठीची अर्थसाहाय्य योजना सुरू झाली होती. सुरुवातीला निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे होता. पुढे तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. तरतूद मात्र विभागाचीच राहिली. आमच्या मते निम्मा विलंब या रचनेतच आहे: आदेश एका कार्यालयाने काढायचा आणि अनुदान दुसऱ्याने सोडायचे. तरतूद संपली, की मंजूर प्रकरणेही रांगेत थांबतात.

केंद्राने २०१३ च्या अर्थसंकल्पात महिलांच्या सुरक्षेसाठी १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. त्यातून राज्यांच्या भरपाई योजनांना हातभार म्हणून २०० कोटींचे एकरकमी साहाय्य ठरले, आणि १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. वैद्यकीय मदत, पोलिसांत तक्रार, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली, शंभर टक्के केंद्राच्या पैशातून. देखरेख जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. इथली गोम उपयोगिता प्रमाणपत्रात आहे. आधीच्या हप्त्याचा हिशेब वर गेला नाही, तर पुढचा हप्ता अडतो. भरपाई महिनाभर लांबली तर फाइल थांबते. समुपदेशक कंत्राटी असते, तिचा पगार थकला तर माणूसच निघून जातो.

रकमांची किमान पातळी ठरली ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेने. बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख. ॲसिड हल्ल्यात १ लाख १५ दिवसांत आणि पुढचे २ लाख त्यानंतर दोन महिन्यांत. अर्जाची मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षे. एफआयआरची प्रत पोलिसांनी लगेच प्राधिकरणाला पाठवायची असते. ती पोचली नाही, तर प्रकरण घडल्याचेच प्राधिकरणाला कळत नाही, मग अंतरिम मदत कुठली! दरोड्यात किंवा मारहाणीत जखमी झालेले पुरुष या योजनेत बसत नाहीत. त्यांना राज्याच्या योजनेतले दर लागू होतात.

एवढ्यावरही सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेनुसार ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत आणि २५ टक्के लगेच वापरायला. पीडित अल्पवयीन असेल, तर ८० टक्के ठेव सज्ञान होईपर्यंत. शिक्षण किंवा उपचारासाठी ती आधी काढता येते, पण त्यासाठी प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ही सोय पालकांना बहुधा कोणी सांगितलेलीच नसते.