बहुविश्वाचा वाद इथवर कसा आला

आपल्या विश्वाखेरीज इतरही विश्वे आहेत, ही बहुविश्वाची कल्पना; तिला विज्ञान म्हणावे का, हा वाद. पुंजयांत्रिकीतली, म्हणजे अणूपातळीवरच्या भौतिकीतली, 'अनेक जगां'ची मांडणी १९५७ची. ती बरीच वर्षे अडगळीत पडून होती. सध्या ज्यावरून हमरीतुमरी चालते ते बहुविश्व वेगळ्या वाटेने आले. महास्फोटाच्या सिद्धांतातले पेच सोडवायला १९८०च्या सुमारास 'इन्फ्लेशन', म्हणजे आरंभी विश्व क्षणात प्रचंड फुगले ही कल्पना, पुढे आली आणि १९८३ ते १९८६च्या दरम्यान कळले की बहुतेक प्रारूपांत हे फुगणे सगळीकडे एकदम थांबत नाही. एखाद्या भागात थांबते, तिथे आपल्यासारखे विश्व घडते. बाकीचे फुगतच राहते. म्हणजे बहुविश्व कोणी हौसेने आणलेले नाही, ते गणितातून पदरात पडले. टीकाकार एवढेच नेमके विसरतात.

वादाची खरी गाठ मात्र १९८७च्या एका शोधनिबंधात आहे. रिकाम्या अवकाशातल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब प्रत्यक्षाच्या सुमारे १०^१२० पट येतो. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती, की एखादी अज्ञात सममिती ही ऊर्जा शून्यावर आणत असणार. या निबंधाने प्रश्नच उलटा केला. ही ऊर्जा अवकाश ताणते; ती फार जास्त असती तर दीर्घिका जमण्याआधीच द्रव्य पांगले असते, आणि मग हे विचारायलाही कोणी नसते. त्यावरून कमाल मर्यादा निघाली: आजच्या द्रव्यघनतेच्या काहीशे पट. त्याखाली कोणतेही मूल्य चालेल, शून्यच हवे असे नाही. १९९८मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) मोजणीतून प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे दिसले. ही ऊर्जा निघाली द्रव्याच्या दुप्पट-अडीचपट.

समर्थकांच्या मते भाकीत खरे ठरले. मला ते निम्मेच पटते. दीर्घिका आहेत, म्हणून ऊर्जा अमुकपेक्षा जास्त नाही, या अनुमानाला दुसरे विश्व लागतच नाही. ते लागते 'आपले मूल्य सर्वसाधारण आहे' असे म्हणताना, आणि घोडे तिथेच अडते. विश्वागणिक फक्त ही ऊर्जा बदलते असे धरले तर हिशेब बरा जमतो. पण आरंभीच्या द्रव्यातले लाखात एक इतके बारीक चढउतारही बदलत असतील तर? ते दसपट झाले की दीर्घिका लवकर जमतात, मर्यादा हजारपट वर जाते आणि आपले मूल्य एकदम किरकोळ वाटू लागते. शिवाय विश्वे अनंत असतील तर 'सर्वसाधारण' कशाच्या तुलनेत? मोजायचे कसे, यावर अजून एकमत नाही.

२०००नंतर स्ट्रिंग सिद्धांतातून (सगळे कण म्हणजे सूक्ष्म कंप पावणारे तंतू, अशी मांडणी) सुमारे १०^५०० संभाव्य निर्वात अवस्थांचा, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या वेगवेगळ्या ऊर्जेच्या शक्य रूपांचा, आकडा आला आणि दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळाला. कण-त्वरकात २०१२ला हिग्ज हा कण सापडला, पण त्याचे वस्तुमान इतके कमी का, हे समजावू शकणारे अतिसममितीचे (प्रत्येक ज्ञात कणाला जोडीदार असतो या कल्पनेतले) कण दिसले नाहीत. तिथेही काही जण बहुविश्वाकडे वळले. मार्च २०१४मध्ये इन्फ्लेशनमध्ये उठल्या असाव्यात अशा आदिम गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचा गाजावाजा झाला, वर्ष उलटायच्या आत ती आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली. २०१४च्याच डिसेंबरात दोन ज्येष्ठ विश्वशास्त्रज्ञांनी जाहीर इशारा दिला, की कसोटीची अट सोडली तर भौतिकी उरणार नाही. पुढच्या वर्षी म्युनिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ याच मुद्द्यावर भिडले.

कसोटी अगदीच नाही असेही नव्हे. शेजारचे विश्व आपल्याला आदळले असेल तर पार्श्वप्रारणात (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणात) वर्तुळाकार डाग दिसावेत. २०११मध्ये ते शोधले गेले, ठोस काही हाती लागले नाही. पण आदळआपट आपल्या क्षितिजापलीकडे, म्हणजे जिथला प्रकाश आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही तिथे, झाली असेल तर डाग दिसणारच नाहीत, त्यामुळे कल्पना खोटीही ठरली नाही.