अनाथ कंटेनर

अनाथ कंटेनर : क्लस्टरमधील (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहातील) व्यवस्थापक प्रक्रिया कोसळल्यावर तिच्या नोंदीतून सुटलेला, पण प्रत्यक्षात चालूच राहिलेला कंटेनर (इतरांपासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्राम). तो मेमरी व प्रोसेसर अडवून ठेवतो. समन्वयकाने, म्हणजे यंत्रांना कामे वाटणाऱ्या प्रोग्रामने, तेच काम दुसऱ्या यंत्रावर नव्याने सुरू केले असेल, तर एकच निष्पत्ती दोनदा लिहिली जाण्याचा धोका असतो आणि तो अधिक गंभीर आहे.

संकल्पनेचा उगम बहुधा युनिक्स या संगणक-प्रणालीपासून सांगितला जातो. तेथे जनक प्रक्रिया संपली, की मागे उरलेली प्रक्रिया १ क्रमांकाच्या (यंत्रावर सर्वांत आधी सुरू होणाऱ्या) प्रक्रियेकडे दत्तक जाते, युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्समध्ये ३.४ आवृत्तीपासून (२०१२) मधली एखादी प्रक्रियाही हे पालकत्व घेऊ शकते. दुसरी परंपरा रिमोट प्रोसिजर कॉलची, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडून गणना करवून घेण्याची. ब्रूस जे नेल्सन यांच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील प्रबंधात (१९८१) मागणी करणारे यंत्र कोसळल्यावर अन्यत्र चालू राहणाऱ्या गणनांचा विचार आहे. उपाय चार : आधी लिहिलेल्या नोंदीवरून शोधून मारणे, नवे युग जाहीर करून जुन्या साऱ्या गणना संपवणे, मालक सापडत नसेल तरच संपवणे, मुदत वाढवून न मिळाल्यास गणनेने आपणहून थांबणे. युनिक्समध्ये पालक मिळाला की प्रश्न मिटतो, क्लस्टरमध्ये मिटत नाही. त्यामुळे ही दुसरी परंपरा अधिक जवळची वाटते. मेसॉस या क्लस्टर-व्यवस्थापकाचा एजंट (प्रत्येक यंत्रावरचा त्याचा प्रतिनिधी प्रोग्राम) पुन्हा सुरू होताना जतन केलेल्या नोंदीत नसलेले कंटेनर नष्ट करतो, हा पहिल्याच उपायाचा अवतार. सामझा या प्रवाही माहितीवर काम करणाऱ्या प्रणालीतील कंटेनर समन्वयकाला ठराविक काळाने विचारतो आणि आपण वैध नसल्याचे कळल्यास बंद होतो. हा चौथ्याच्या जवळचा.

हाडूप या मोठ्या माहितीच्या प्रणालीत यार्न हा भाग यंत्रांची साधने वाटतो. त्यात नोडमॅनेजर (प्रत्येक यंत्रावरचे कंटेनर सांभाळणारी प्रक्रिया) पुन्हा सुरू झाल्यावर चालू कंटेनर परत ताब्यात घेण्याची सोय २.६ आवृत्तीपासून (२०१४) आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात तशी सोय १.१२ पासून (२०१६) मिळते.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळेतलेच संगणक जोडून क्लस्टर उभारला, तर विजेचा मुद्दा येतो. लाईट गेली आणि यूपीएस नसेल, तर यंत्राबरोबर कंटेनरही जातात. अनाथ कोणी उरत नाही. यंत्रे यूपीएसवर आणि नेटवर्क स्विच मात्र थेट भिंतीच्या प्लगवर असेल, तर कंटेनर चालू राहतात. यार्नचा समन्वयक मूळ मांडणीनुसार १० मिनिटांनी ती यंत्रे गमावल्याचे धरतो, आणि तेच काम दोनदा होण्याचा धोका उभा राहतो. स्विचलाही यूपीएस द्यावा, हा येथला पहिला उपाय.

'पीएस' या आज्ञेने मिळणाऱ्या चालू प्रक्रियांच्या यादीत जनक-क्रमांक (जनक प्रक्रियेचा क्रमांक) १ दिसला एवढ्यावरून कंटेनर मारू नये. नोडमॅनेजरने परत ताब्यात घेतलेल्या कंटेनरचा जनक-क्रमांकही १ च असू शकतो. कंटेनरचा ओळख-क्रमांक चालू कामांच्या यादीशी ताडून पाहावा, मगच त्याच्या सीग्रुपमधील (लिनक्सने एकत्र बांधलेल्या प्रक्रियांच्या गटातील) साऱ्या प्रक्रिया एकत्र बंद कराव्यात, लिनक्स ५.१४ पासून (२०२१) त्यासाठी स्वतंत्र सोय आहे.