कारखाना इथंच का?

नोव्हेंबर लागला की कोल्हापूरच्या आजूबाजूचे रस्ते उसानं भरून जातात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि कारखान्याच्या अलीकडं लांबच लांब रांग. त्या रांगेत अडकलेला माणूस वैतागतो, ते साहजिक आहे. पण मानवी भूगोल शिकायला घेतलेल्या पोरानं तिथं थोडा वेळ अडकून पडावं, असं मला मनापासून वाटतं. या विषयाचा पहिला प्रश्न त्या रांगेच्या टोकालाच उभा असतो. कारखाना इथंच का?

माझ्या भाचीनं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला भूगोल घेतलाय. तिच्या वहीत व्याख्या होत्या : स्थान, प्रदेश, अंतर, प्रमाण, प्रसरण, स्थलांतर. प्रत्येकीखाली लाल शाईची रेघ. "मामा, हे सगळं पाठच करायचं का?" असं तिनं विचारलं आणि मला वाईट वाटलं, कारण हा विषय पाठ करण्याचा नाहीच. मग आम्ही ती वही घेऊन उसापासून सुरुवात केली.

आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकानं १९०९ साली उद्योगांच्या स्थानाचा एक सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. कच्च्या मालाचं वजन कारखान्यात घटत असेल, तर कारखाना कच्च्या मालाकडं ओढला जातो, कारण जे फेकून द्यायचं किंवा जाळायचं आहे ते लांबवर वाहून नेण्यात पैसा जातो. आपल्याकडं शंभर किलो उसातून साधारण बारा किलो साखर निघते. बाकीचं पाणी, चिपाड आणि मळी. त्यातून ऊस तोडला की त्यातली साखर लगेच उतरायला लागते, म्हणून तो शक्यतो दिवसभरात गाळावा लागतो. वजन आणि वेळ दोन्ही एकाच दिशेला ओढतात, शेताकडं. गुऱ्हाळ तर आणखी जवळ, थेट रानात. तिथं रस काढून उरलेलं चिपाड वाळवून काहिलीखालच्या, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईखालच्या, चुलवाणात घालतात, म्हणजे जळणही बाहेरून आणावं लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन सिद्धांत आपल्या गुऱ्हाळवाल्याला न वाचताच ठाऊक असतो.

पण लगेच इचलकरंजी आठवते आणि सिद्धांत अडतो. इचलकरंजीच्या आसपास कापूस पिकत नाही. तरी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग आला आणि पुढं गावच मागांचं झालं. हुपरीत चांदीची खाण नाही, पण चांदीचे दागिने हुपरीचे. सुतात किंवा चांदीत फारशी घट होत नाही, म्हणून कच्चा माल कारागिराला आपल्याकडं ओढू शकत नाही. उलट माल कारागिराकडं येतो. एकदा एका गावात हात तयार झाले की दुरुस्तीवाला, दलाल, उधार देणारा, शिकवणारा असे सगळे तिथंच गोळा होतात, आणि नव्या माणसाला धंदा दुसरीकडं काढणं महाग पडतं. वेबरनंही ही गोष्ट ओळखली होती. एकत्र येण्याचा फायदा त्यानं वेगळा मांडला आहे. मला वाटतं, वर्गात ऊस आणि चांदी शेजारी-शेजारी ठेवून शिकवावी. एकट्या उसावर थांबलं की पोरांना वाटतं, सगळं काही जमीनच ठरवते.

ही "जमीनच ठरवते" ची कल्पना भूगोलात खरोखरच होती. तिला निसर्गवाद म्हणतात. तिच्या विरोधात फ्रेंच भूगोलकार व्हिदाल द ला ब्लाश यांच्या परंपरेतून संभववाद आला : निसर्ग शक्यता देतो, निवड माणूस करतो. यासाठी कोल्हापूरसारखं उदाहरण शोधून मिळायचं नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. निसर्गवादी म्हणेल, शिरोळात ज्वारी. प्रत्यक्षात तिथं ऊस उभा आहे, कारण राजर्षी शाहू महाराजांच्या काळात राधानगरीच्या धरणाचं काम सुरू झालं आणि पुढं नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले. हा बंधारा फार हुशारीचा आहे. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून ठेवायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. आपल्या गावाचं नाव देशभरच्या पाटबंधाऱ्यांच्या भाषेत गेलं ते या बंधाऱ्यामुळं, आणि याचा मला चपलेइतकाच अभिमान आहे.

चपलेवरून प्रदेशाची गोष्ट. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे "कोल्हापुरी" हा शब्द कोल्हापूरच्या हद्दीत मावत नाही. भूगोलात प्रदेश तीन तऱ्हेचे मानतात. एक, हद्द आखलेला, जसा बारा तालुक्यांचा आपला जिल्हा. दुसरा, लोकांच्या मनातला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं आणि तालमीचं कोल्हापूर हे असं मनातलं आहे, आणि त्याची सीमा कुणीही दाखवून देऊ शकत नाही. गावातल्या गावातही तेच. फुटबॉलच्या हंगामात पेठ म्हणजे नकाशावरचा तुकडा राहत नाही. कोण कुठल्या तालमीचा, यावरून माणूस ओळखला जातो.

तिसरा प्रदेश कार्याचा, एका केंद्राभोवती येण्या-जाण्यानं विणलेला. तो एरवी दिसत नाही. तुटला की दिसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला. गावात पेट्रोलची टंचाई झाली आणि खेड्यांतलं दूध गोठ्यातच अडकलं. त्या आठवड्यात ज्यानं शहर बघितलं त्याला कार्यात्मक प्रदेशाची व्याख्या लिहून घ्यायची गरज नाही. २०२१ ला तेच पुन्हा झालं.

ते दूध अडकलं, तेव्हा मुंबईलाही ते जाणवलं. इथं आणखी एक जुना जर्मन आठवतो. योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन, स्वतः शेती करणारा. त्यानं १८२६ साली शहराभोवती शेतीची कडी कल्पिली. सगळ्यांत आतल्या कड्यात भाजी आणि दूध, कारण ते नासतं. त्यापलीकडं जळणाचं लाकूड, मग धान्य, आणि शेवटी जनावरं, जी स्वतःच्या पायांनी बाजारात चालत येतात. घोडागाडीच्या काळात हे हिशेबाला बरोबर होतं. पण शीतकरण केंद्र आणि टँकर आले आणि दुधाचं कडं फुगत गेलं. आज मुंबईच्या दुधाचं कडं पावणेचारशे किलोमीटर लांब, करवीर तालुक्यातल्या गोठ्यापर्यंत पोचलंय. अंतर किलोमीटरमध्ये तेवढंच राहिलं, तासांत घटलं. थ्यूनेनचा सिद्धांत जुना झाला असं काही जण म्हणतात. मला तो अजून जिवंत वाटतो, फक्त त्याच्या कड्यांची त्रिज्या बदलली.

प्रमाणाची, म्हणजे केवढा तुकडा धरून बघायचं याची, व्याख्या भाचीला सगळ्यांत कंटाळवाणी वाटत होती, म्हणून तिला गणित घालून दिलं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आणि घनता दर चौरस किलोमीटरला ५०४. आता शहर बघ : ५,४९,२३६ माणसं, क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे घनता आठ हजारांच्या वर. आणि गगनबावडा तालुका सव्वाशेच्या आसपास. मग ५०४ माणसं नेमकी राहतात कुठं? तिनं जरा वेळ घेतला. सरासरी खोटी नव्हती, पण ती शहराचीही नव्हती आणि गगनबावड्याचीही नव्हती.

उरलं स्थलांतर. रॅव्हेन्स्टाइन या भूगोलकारानं १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्या जवळ जातात, हा त्यातला एक. आणि देशातल्या देशात बायका पुरुषांहून जास्त स्थलांतर करतात, हा दुसरा. हे ऐकून वर्गात कुणाला पटत नाही, कारण स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढं पुण्याला नोकरीला निघालेला पोरगा येतो. ब्रिटनमधल्या त्या बायका घरकामाला आणि गिरणीत जात होत्या. आपल्याकडं जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण लग्न हे असतं. दुसऱ्या गावाहून आलेली प्रत्येक सासुरवाशीण ही जनगणनेच्या भाषेत स्थलांतरित आहे, आणि तिला तसं कुणी म्हणत नाही.

मग भाचीनं आपल्या गल्लीतल्या बायकांची माहेरं विचारून नकाशावर टिंबं दिली. कागल, मुरगूड, हुपरी, पन्हाळ्याच्या पायथ्याची दोन-तीन गावं. काही टिंबं राज्याची हद्द ओलांडून निपाणी-चिकोडीकडं गेली, कारण सोयरिकी त्या हद्दीच्या आधीच्या आहेत. लांबचं टिंब जवळजवळ नव्हतंच. अंतर वाढेल तसा संबंध विरळ होतो, हे वहीतलं वाक्य तिला तिथं कागदावर दिसलं.

सगळ्यांत जवळचं टिंब तिच्या आजीचं निघालं, पंचगंगेच्या पलीकडच्या गावाचं.

"सहा-सात किलोमीटर असंल," आजी म्हणाल्या. "पण जून लागला की बंधारा पाण्याखाली. पंचमीला भाऊ न्यायला यायचा, तो काहिलीतनं. पाणी लईच असलं तर तेबी न्हाई. मग दिवाळीतच माहेर."

गूळ करायच्या काहिलीची होडी होते, हे भाचीला नवीन होतं. तिनं आजींच्या टिंबापुढं आधी "६ कि.मी." लिहिलं होतं. त्याखाली तिनं "उन्हाळ्यात" असं लिहिलं, आणि पावसाळ्यासाठी काय लिहायचं ते आजींनाच विचारलं.