एचडी, फुल एचडी, ४के : खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचं चित्र

टीव्हीच्या खोक्यावर छापलेला आकडा पॅनलचा, म्हणजे पडद्याचा असतो. चित्र किती स्पष्ट दिसेल, हे मात्र चॅनल, सेट-टॉप बॉक्स आणि वायर यांतल्या सगळ्यात कमकुवत दुव्यावर ठरतं.

७२०पी म्हणजे १२८० × ७२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, वीस लाखांवर पिक्सेल. ४के टीव्हीत ३८४० × २१६०, बरोबर चौपट. ‘एचडी रेडी’ टीव्हीचं पॅनल बहुधा १३६६ × ७६८ असतं. ते दोन्ही एचडी मापांशी जुळत नाही, त्यामुळे चित्र ताणून किंवा आक्रसून बसवावं लागतं. बातम्यांच्या पट्टीतली बारीक अक्षरं किंचित पुसट दिसतात ती म्हणून. त्यात बिघाड काही नाही.

आकड्यापुढचं अक्षरही बघा. १०८०आयमध्ये आधी विषम ओळी येतात, मग सम. दर खेपेला ५४०. टीव्ही त्या जोडून पूर्ण चित्र तयार करतो. ही जोडणी नीट झाली नाही, तर वेगानं जाणाऱ्या चेंडूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. १०८०पीमध्ये सगळ्या ओळी एकदम येतात. खेळांसाठी ७२०पी कधीकधी १०८०आयपेक्षा सरस वाटतं, ते याच कारणानं.

नवा टीव्ही धूसर दिसला, तर आधी मागची वायर पाहा. पिवळ्या पिनच्या वायरीतून एचडी जातच नाही; एचडीएमआय वायर लावा, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन १०८० करा, कारण ते कधीकधी ५७६वरच राहिलेलं असतं. साधं, एचडी नसलेलं चॅनल मात्र एवढं करूनही सुधारणार नाही. टीव्ही चित्र मोठं करतो, नसलेला तपशील कुठून आणणार?

चॅनलचा लोगो कडेला कापला जात असेल, तर तो ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र जरा मोठं करून कडा कापतो. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. नाव कंपनीगणिक बदलतं.

४३ इंची टीव्ही साधारण १.७ मीटरपेक्षा लांबून पाहणार असाल, तर फुल एचडी आणि ४केमधला बारकाव्याचा फरक सामान्य नजरेला फारसा कळत नाही. ४के घेतलाच, तर सेकंदाला ६० चित्रांसाठी एचडीएमआयची २.० आवृत्ती लागते. जुन्या १.४ आवृत्तीच्या पोर्टवर (वायर खोचायच्या जागेवर) ३० चित्रांवरच थांबावं लागतं, आणि कॉम्प्युटर जोडला की माउसचा बाण अडखळत सरकतो. काही टीव्हींत एचडीएमआय २.० एकदोन पोर्टनाच असतं आणि ते सेटिंगमधून वेगळं चालू करावं लागतं. वायर बदलण्याआधी पोर्ट बदलून पाहा.