सायक्लोक्रॉस म्हणजे रोडवर न जमलेल्यांचा खेळ? नाही हो!

रविवारी इंदूरजवळच्या राळामंडळपर्यंत राइड मारून छप्पन दुकानला पोहे खायला बसलो की कुणीतरी हे काढतंच, की सायक्लोक्रॉसवाले, म्हणजे चिखल-मातीत अडथळे पार करत सायकल रेस करणारे, हे रोड रेसिंग न जमलेले, हिवाळ्यात टाइमपास करणारे. अरे भिया, काय पण!

मुळात गैरसमज आला कुठून, तर रोडवाले थंडीत फिटनेससाठी चिखलात उतरायचे, तेवढं खरं आहे. पण 1950 ची सायक्लोक्रॉसची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली जाँ रोबिकने, जो 1947 चा टूर द फ्रान्स या सगळ्यात मोठ्या रोड रेसचा विजेता. हा फेल झालेला? नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डर पूल 2023 च्या फेब्रुवारीत क्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन आणि त्याच ऑगस्टमध्ये ग्लासगोला रोडचा पण! आणि बेल्जियमच्या स्वेन नाइसने तर क्रॉसवरच अख्खं करिअर केलं, 2005 ला वर्ल्ड टायटल, मग 2013 ला परत, वय 36, रिटायर झाला थेट 2016 ला.

रेस साधारण तासाभराची, पण तो तास म्हणजे फुल दम, टायर जास्तीत जास्त 33 एमएम रुंद, अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या जागी, मेकॅनिक दुसरी धुतलेली सायकल घेऊन उभा. मी एकदा पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्राय केलं होतं, दहा मिनिटांत चाक फिरायचंच बंद, ब्रेकमध्ये नुसता गारा, आणि खांद्यावर घेतली तर सायकल गव्हाच्या पोत्यासारखी जड.