स्पिन लिक्विड की स्पिन ग्लास?

स्फटिक थंड करत नेला की साध्या चुंबकीय पदार्थात एका ठरावीक तापमानाला अणूंचे स्पिन (प्रत्येक अणूतले जणू इवलेसे चुंबक) शिस्तीत मांडले जातात. काही स्फटिकांत मात्र निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ पोचलं तरी ही शिस्त येत नाही. मग लगेच ‘स्पिन लिक्विड सापडलं’, म्हणजे स्पिन कधीच न थिजणारी अवस्था सापडली, असं म्हणायचा मोह होतो. पण शिस्त स्पिन ग्लासमध्येही नसतेच.

ग्लासमधले स्पिन थिजलेले असतात. तांब्यात थोडं मँगनीज मिसळलं की त्याचे अणू वाट्टेल तिथे बसतात. त्यांच्यातल्या अंतरानुसार काही जोड्यांना एका दिशेत राहायचं असतं, काहींना विरुद्ध. या ओढाताणीत जो तो वेड्यावाकड्या दिशेला अडकून पडतो.

लिक्विडला ही भेसळ लागत नाही, जाळीचा आकार पुरतो. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट व्हायचंय. दोघांचं जमतं; तिसरा कुठेही वळला तरी एकाशी बिनसतंच. १९७३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी सुचवलं, की इथे स्पिन जोड्या बांधतील आणि त्या जोड्यांच्या असंख्य मांडण्या एकाच क्वांटम अवस्थेत एकत्र नांदतील. (त्यांनी घेतलेल्या साध्या त्रिकोणी जाळीत स्पिन एकमेकांशी १२० अंश करून नीट मांडले जातात, असं पुढे निघालं. कल्पना मात्र टिकली.) म्हणून लिक्विडच्या सिद्धांतात सगळी झटापट एका अतिगुंतलेल्या तरंगफलनाशी (सगळ्या स्पिनांची मिळून क्वांटम अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाशी) असते, ग्लासच्या सिद्धांतात अव्यवस्थेच्या अगणित नमुन्यांची सरासरी काढावी लागते. ते गणित उलगडणाऱ्या ज्योर्जो पारिझी यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

प्रयोगात ओळखायचं कसं? लिक्विडमध्ये न्यूट्रॉनच्या धक्क्याने उलटलेला स्पिन दोन स्पिनॉनमध्ये (अर्ध्या-अर्ध्या वाट्याच्या कणासारख्या हालचालींत) फुटतो, त्यामुळे विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या नोंदीत रेखीव रेघेऐवजी पसरट डाग दिसतो. पण एवढ्यावर विसंबू नये. यटर्बियम, झिंक आणि गॅलियमच्या एका ऑक्साइडमध्ये असाच डाग दिसला. त्यात झिंक आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर कसेही विखुरलेले असतात. २०१८ मध्ये त्याची प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात तपासणी झाली, तेव्हा सुमारे ०.१ केल्विनला प्रतिसादात शिखर आलं, आणि वारंवारता बदलताच ते सरकलं. ही खूण ग्लासची.

माझ्या मते स्पिन लिक्विडचा सर्वांत भक्कम उमेदवार म्हणजे हर्बर्टस्मिथाइट हे तांबं-झिंकचं खनिज. त्यात तांब्याच्या स्पिनांमधली ओढ तापमानाच्या मापात जवळपास २०० केल्विनची, तरी ०.०५ केल्विनपर्यंत म्यूऑनना (स्फटिकात सोडलेल्या, आतलं चुंबकत्व टिपणाऱ्या कणांना) ते थिजलेले आढळले नाहीत. मात्र तिथेही काही तांबं झिंकच्या जागी जाऊन बसलेलं असतं, आणि हे खरंच लिक्विड का, हा वाद त्यावरच अडलाय.